गाडीखाली मी वाकले नाही

मला ओळखणारं कुणीही सांगेल, हिच्या पोटात काही राहत नाही. खरं आहे ते. घरमालक, प्रोफेसर, आमच्याच गटातले लोक, ज्याला जे म्हणायचं ते मी तोंडावर म्हटलं आणि नंतर शांत झोपले. फक्त एक गोष्ट आत राहिली. चार हिवाळे गेले तिच्यावरून. आईला फोनवर सांगितली नाही. एकदा कुणाच्या तरी लग्नात वाइन जास्त झाली होती, तेव्हाही जीभ सैल झाली नाही. आज तुमच्याशी बोलतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जाईल असं वाटतंय. हाही भित्रेपणाच का? असेल.

गोष्ट एका जुन्या पिकअपची आहे. हसू नका. माणसं गाड्यांवरून हसतात, मीही हसायचे.

मी सांगलीकडची. कॉलेजात असताना चळवळीत पडले आणि तिथे मला एकच काम नीट यायला लागलं — पत्रकं लिहिणं. एस.टी. स्टँडवर वाटायची पत्रकं. त्याचं तंत्र असतं. पहिल्या ओळीत शत्रू कोण ते कळलं पाहिजे. आणि एक तरी ठोस तपशील हवा. मोघम लिहिलं की माणूस कागद चुरगाळून टाकतो. हे तंत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिकागोला सोशल वर्क शिकायला आले आणि वर्षभरात इथेही तसलाच एक गट शोधून काढला. मूठभर माणसं. गावोगावच्या कारखान्यांच्या गेटबाहेर जिथे कामगार संपावर उभे असत, तिथे आम्ही जायचो. तंबू, गॅसवर चालणारे हीटर, जनरेटर, लाउडस्पीकर आणि गरम जेवण घेऊन. क्रांती वगैरे काही नाही. थंडीत उभ्या असलेल्या माणसाला थंडीत उभं राहायला मदत करायची, इतकंच.

जेवण कुमुदकाकूंचं. काकू मूळच्या नागपूरच्या. नवरा गेल्यावर मुलाबरोबर राहत होत्या — निखिलबरोबर. निखिल इथेच जन्मलेला, एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. आमची वेबसाइट दुरुस्त करायला एकदा आला आणि राहिलाच. मग मुलगा कुठे जातो ते बघायला काकू आल्या, त्याही राहिल्या. मोठ्या पातेल्यात आमटी करायच्या. मेक्सिकन, पोलिश, कुठकुठले कामगार कप पुढे करून “येलो सूप, मॅडम” म्हणायचे. “सूप म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा,” काकू मराठीतच सांगायच्या, “गरम आहे ना? मग प्या.”

निखिल माझा मित्र होता. या देशात मला हे वाक्य फक्त एका माणसाबद्दल लिहिता येतं. डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका गल्लीत मी खोली घेऊन राहायचे, खाली साड्यांचं दुकान. रविवारी गिऱ्हाइकांचा गलका वरपर्यंत यायचा आणि त्यात माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. अशा वेळी निखिलचा फोन यायचा — “आईने जास्तीच्या पोळ्या केल्यात. मुद्दाम केल्यात, पण तसं बोलायचं नाही.” मागून काकूंचा आवाज — “काहून उपाशी बसली असेल ते पोट्टी! ये म्हणा तिला.”

सामान निखिलच्या छोट्या गाडीतून जायचं. त्या गाडीचा सायलेन्सर रस्त्याला घासायला लागला तेव्हा ठरलं की हिवाळ्याच्या आत जुनं पिकअप घ्यायचं. मागे उघडा हौदा, फोर-व्हील — म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद जाईल असं. इराकचं युद्ध सुरू झालं त्या वर्षीची ही गोष्ट. गाडी बघायला कोण जाणार? मी म्हटलं, मी. बाबांची जीप मी शेतात चालवलेली आहे, जीप येते त्याला पिकअप येतं. सगळे म्हणाले, वा. माझ्या आवाजात खात्री असली की लोक तपासत नाहीत. ती सवय मीच लावलेली.

निखिलच्या ऑफिसात तेव्हा रात्रंदिवस काम चाललेलं, त्याला येता येईना. फोनवर म्हणाला, “तीन गोष्टी बघ यार. एक, खाली आडवी हो आणि फ्रेम बघ, खालचा लोखंडी सांगाडा, स्क्रूड्रायव्हरने टोचून. रस्त्यावर मीठ टाकतात ना बर्फासाठी, त्याने गाड्या खालून सडतात. दुसरं, फोर-व्हील लावून मातीवर नाहीतर गवतावर चालवून बघ, नुसता आतला दांडा पडतोय त्यावर जाऊ नकोस. तिसरं — प्लीज, सेलरशी भांडू नकोस.”

तिसरी गोष्ट मी पाळली. पहिल्या दोन नाही.

पहिली गाडी शहराबाहेरच्या एका म्हाताऱ्याची होती. हिरवी, जुनी, पण धुतलेली. मी गेटातून आत शिरले आणि मागचा बंपर वाचला. हो, वाचला. गाडी पाहिलीच नाही मी. बंपरवर युद्धाच्या बाजूचं स्टिकर होतं, आणि त्याच्या शेजारी दुसरं: हा देश आवडत नसेल तर चालते व्हा, अशा अर्थाचं. माझं डोकं तिथेच तापलं. त्या आठवड्यात मी बॉम्बफेकीविरुद्ध पत्रक लिहिलेलं होतं, शब्द अजून जिभेवर गरम होते. या माणसाला आम्ही आमचे पैसे द्यायचे? कामगारांच्या गेटवर हे स्टिकर खरवडून गाडी न्यायची?

तो माणूस मात्र माझ्याशी नीट वागला. जमिनीवर ओला पालापाचोळा होता, त्याने गॅरेजमधून पुठ्ठा आणून गाडीखाली पसरला. म्हणाला, झोपून बघ, कोट खराब होणार नाही. टॉर्चही पुढे केला. मी म्हटलं, नको. चालवून बघ म्हणाला. मी म्हटलं, वेळ नाही. तो टॉर्च तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी बसस्टॉपपर्यंत तरातरा चालत गेले, आणि चालताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग निखिलने विचारलं, कशी आहे? आता मी काय सांगायला हवं होतं? स्टिकरमुळे नको, एवढंच. त्यावर वाद झाला असता, निखिल म्हणाला असता, “स्टिकर निघतं यार, गाडी कशी आहे ते सांग.” बहुतेक तोच जिंकला असता. म्हणून मी म्हटलं, “फ्रेम सडलीय. बोट लावलं तर खपल्या पडतात.”

खपल्या! ठोस तपशील. निखिलने पुढे सगळ्यांना तसंच सांगितलं — खपल्या पडतात म्हणे. मी न पाहिलेल्या गाडीच्या खपल्या आमच्या गटात सगळ्यांनी पाहिल्या.

दुसरी गाडी एका तरुण सुताराची. पांढरी. तिच्या मागे शांततेचं चिन्ह होतं. त्याच्या शेडमध्ये लाकडाचा भुसा, पुस्तकं, एक आळशी मांजर. त्याने गवती चहासारखं काहीतरी प्यायला दिलं आणि आम्ही बोलत बसलो. युद्धावर, मग त्याच्या आईवर, मग सांगली कुठे आहे त्यावर. इतका वेळ या देशातला कुणी परका माणूस माझ्याशी बोलला नव्हता. ऊन उतरेपर्यंत बसले मी. त्यानंतर गाडीखाली शिरून स्क्रूड्रायव्हर टोचायचा — मला ते अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं. फोर-व्हील चालतं का? तो म्हणाला, असावं, मला शहरात कधी लागलं नाही. मी दांडा ओढून पाहिला, खटकन पडला. झालं. तो खोटं बोलला नाही, हे इथेच सांगून टाकते. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत करून घ्यायला पाठवलेलं होतं.

“सगळं बघितलंस ना?” निखिलने विचारलं.

“सगळं,” मी म्हटलं.

गाडी घरी आली त्या दिवशी काकू हळद-कुंकू, नारळ आणि लिंबं घेऊन खाली उतरल्या. चाकाखाली लिंबू ठेवायचं होतं त्यांना. मी तिथेच, पार्किंग लॉटमध्ये, अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं. लिंबाने गाडी सुरक्षित राहते याला पुरावा काय? तपासून बघायची सवय लागली पाहिजे माणसाला! काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “झालं? आता सरक जरा,” आणि लिंबू ठेवलंच. निखिल हसत गाडीत बसला, लिंबू चिरडलं, टाळ्या वाजल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्या गाडीखाली त्या दिवसापर्यंत शिरलेलं ते लिंबूच एकटं.

त्या जुन्या गाडीत फोर-व्हील लावायला दोन कामं करावी लागायची. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली गोल चकती हाताने फिरवायची, मग आत बसून दांडा ओढायचा. चकती फिरवली नाही तर दांडा ओढून उपयोग नाही. निखिलला याची भारी हौस. कोरड्या पार्किंग लॉटमध्ये चकत्या फिरवून आम्हाला दाखवायचा, जादूगारासारखा. कोरड्या रस्त्यावर फरक काही कळत नाही. तो हिवाळाही उशिरा आला.

जानेवारीत एका मांस-कारखान्याच्या गेटवर संप होता, शहरापासून तीन तासांवर. मी कामगारांच्या व्हॅनमधून आदल्या दिवशीच गेले होते, घोषणा द्यायला. कारखाना टेकाडावर, रस्ता सरळ वर येणारा. सकाळपासून बर्फ पडत होता आणि रस्ता कुणी साफ केलेला नव्हता. आमचं पांढरं पिकअप खाली वळणावर दिसलं तेव्हा लोकांनी आरोळी दिली. “येलो सूप!” कुणीतरी ओरडलं. मी भोंगा खाली ठेवून बघत उभी राहिले.

आणि आता जे सांगते ते नीट वाचा, कारण हे पाहणारी आणि त्याचा अर्थ कळणारी मी एकटीच होते.

निखिलने चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवली. तो खाली उतरला. डाव्या चाकापाशी वाकला. मग गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या चाकापाशी गेला, तिथे वाकला. हातमोजा दातात धरून काढला त्याने, मला ते दिसलं. मग आत बसला आणि वर निघाला.

अर्ध्या चढावर मागची चाकं फिरायला लागली, जागच्या जागी. पुढची चाकं नुसती सोबत होती. गाडी क्षणभर थांबली आणि मग हळूहळू मागे — किती हळू, माणूस चालतो तितक्या गतीने — घसरत बाजूच्या खड्ड्यात कलली. काकू आमटीचं पातेलं पायाशी घेऊन बसल्या होत्या, सांडू नये म्हणून हाताने दाबून, नजर सगळा वेळ झाकणावर. त्यांचा उजवा हात पातेलं आणि दाराच्या मध्ये सापडला. आम्ही धावत खाली गेलो तेव्हा सगळी आमटी त्यांच्या बुटांत होती आणि त्या म्हणत होत्या, “झाकण नीट बसवलं नव्हतं मी. माझीच चूक.”

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

त्या गावच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये निखिल भिंतीला टेकून उभा होता. कोट आमटीने पिवळा झालेला. तो म्हणाला, “आय डोन्ट गेट इट. फोर-व्हील होतं. का नाही चढली?” त्याने माझ्याकडे पाहिलं — गाडी मी निवडली होती, मी सगळं बघितलं होतं. त्या क्षणी मला समजलं. काय बिघडलंय ते नाही समजलं, पण मी काय केलं नाही ते समजलं. त्याचा पुढचा प्रश्न येणार होता. तो येऊ नये म्हणून मी आधी बोलले.

मी विचारलं, “तू चकत्या फिरवल्या होत्यास ना? दोन्ही?”

बघा, मी खोटं बोलले नाही. नुसता प्रश्न विचारला. पत्रकात आम्ही हे नेहमी करतो, आरोप करायचा नसतो, प्रश्न विचारायचा आणि बाजूला व्हायचं. उत्तर मला माहीत होतं. मी वरून पाहिलं होतं. दातातला हातमोजासुद्धा.

निखिलचा उजवा हात हवेत थोडासा फिरला, चकती फिरवल्यासारखा. “आय थिंक आय डिड,” तो म्हणाला. मग, “आय मस्ट हॅव.” मग बऱ्याच वेळाने मराठीत, “एकच फिरवली असेल का गं मी?”

मी काय म्हटलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ दे. होतं असं.”

याहून वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही. मनगट मोडलं तो अपघात होता, माझ्या निष्काळजीपणातून झालेला, पण अपघात. कॉरिडॉरमधला तो प्रश्न अपघात नव्हता.

पुढचंही ऐका. गाडी त्या गावातल्या गॅरेजमध्ये ओढून नेली होती. सामान आणायला मी जाते म्हटलं. एकटी गेले. गाडी वर उचलून ठेवली होती, त्यामुळे पहिल्यांदा मी तिच्याखाली उभी राहिले. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक जाडजूड लोखंडी शाफ्ट जात होता, चाकांना ताकद नेणारा. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नव्हताच. कधीतरी, कुठल्यातरी मालकाने तो काढून टाकला होता. दांडा खटकन पडत होता, चकत्या फिरत होत्या, आणि मध्ये — हवा. बघायला टॉर्च लागला नसता. पुठ्ठाही लागला नसता. गुडघ्यावर वाकलं असतं तरी पुरे होतं.

गॅरेजवाल्याने दुरुस्तीचं विचारलं. मी सांगितलं, भंगारात घाला, आजच. कागदावर माझंच नाव होतं, सही केली. परत आल्यावर निखिलने विचारलं, गॅरेजवाला काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, खर्च परवडणार नाही म्हणाला. त्याने मान हलवली. त्याला त्याहून जास्त काही ऐकायचंच नव्हतं, त्याच्या मनात निकाल लागलेला होता.

तो गटात येईनासा झाला. कुणी त्याला बोललं नाही, पण कुणी काही बोलत नाही हे त्याला ऐकू येत होतं. बर्फात गाडी चालवणं त्याने सोडलं. थोडासा भुरभुरला तरी ऑफिसला बसने जायचा. वर्षभराने पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला नोकरी घेतली. मी विचारलं, इतक्या लांब का रे? म्हणाला, “तिथे नुसता पाऊस असतो.” मी हसले. तो हसला नाही. सुरुवातीला फोन यायचे, मग सणावाराला, मग ई-मेल. आता तेही नाही. माझा मित्र मी असा घालवला, आणि त्याला वाटतं मला तोंड दाखवायला त्यालाच जागा उरलेली नाही.

काकू मात्र इथेच राहिल्या. हात जुळला, पण वाकडा. दोन बोटं मिटत नाहीत. कणीक मळता येत नाही, डेव्हनवरून पोळ्यांची पाकिटं आणतात आणि मला बोलावतात. मी जाते. बसते, खाते. “काहून गप्प असतेस हल्ली?” विचारतात. मी, जिच्या पोटात काही राहत नाही ती, म्हणते, “काम फार आहे, काकू.”

पत्रकं अजून लिहिते. कुणी काय लपवलं, कुणी जबाबदारी झटकली, कुणी दुसऱ्याच्या माथी मारलं. लिहिताना हात थांबत नाही. थांबायला नको का? पण नाही थांबत.

या हिवाळ्यात काकू निखिलकडे निघाल्या, त्याने घर घेतलंय. विमानतळावर सोडायला मी गेले. सकाळी रस्त्यावर पातळ बर्फ होता. एका वळणावर माझी गाडी किंचित घसरली, लगेच सावरली. काकूंनी डाव्या हाताने समोरचा डॅशबोर्ड धरला. उजवा मांडीवर तसाच होता. मग समोर बघतच म्हणाल्या, “मी त्याला एकदाही बोलून नाही दाखवलं, वैशाली. एक चाक राहिलं त्याच्याकडून. राहते माणसाकडून. पण त्याला वाटत असेल, आईच्या मनात आहे. या वेळी सांगूनच टाकणार आहे त्याला, की मी केव्हाच माफ केलं म्हणून.”

बोलायची जागा ती होती. मला बाजूला गाडी लावता आली असती. लाल सिग्नलही लागला, चांगला लांबलचक. मी वायपर चालू केले. काच कोरडी होती.

“बरं होईल, काकू,” मी म्हटलं.

त्यांना आत सोडून परत आले. आतापर्यंत त्या त्याच्या घरी पोचल्या असतील, त्यांनी त्याला माफही केलं असेल. आणि त्याने ते खाली मान घालून घेतलं असेल, मी त्याला ओळखते.

निखिलने दोन्ही चकत्या फिरवल्या होत्या. आधी डावी, मग उजवी. मी पाहिलं.